डाऊन सिंड्रोम असलेल्या भावाला प्रभुभोजन का नाही?

थोरली_ताई:
जय ख्रिस्त. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे, बोलणं तुटक, पण रविवारची उपासना कधी चुकवत नाही. गीतांचे नंबर बोर्डावर तोच लावतो, एखादा आकडा वाकडा लागला तर परत जाऊन सरळ करतो. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, आम्ही वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतो तेव्हा तोही सगळ्यांसारखा हातावर हात ठेवतो, पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जातात आणि सगळी ओळ उठेपर्यंत त्याचे हात तसेच पुढे असतात. कारण काय तर दृढीकरण, म्हणजे मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी, झालेलं नाही, आणि दृढीकरण नाही कारण त्यासाठीची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठ होत नाहीत. दहा वर्षं हेच चाललंय. मला हे चूक वाटतं.

जुना_मेंबर:
ताई राग मानू नका, पण हा भेदभाव नाही. बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ ११:२८ मध्ये स्पष्ट आहे, माणसाने आधी आत्मपरीक्षण करावं मग भाकर खावी, आणि पुढच्याच वचनात शरीर न ओळखता खाणाऱ्यावर दंड येतो असं आहे. मग त्याला देऊन आपण त्याच्यावरच ओझं टाकतो. देवाच्या दयेत तो आहेच, त्याबद्दल शंका नाही. लहान मुलांनाही आपण देत नाहीच ना?

नगरी_शिक्षक:
साहेब तोच अध्याय जरा वरून वाचा, २१ पासून. करिंथला पैसेवाले आधी खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, पौल चिडलाय तो त्यावर. आणि शेवटी ३३ मध्ये सांगतो काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. शरीर न ओळखणं म्हणजे शेजारी बसलेल्याला न ओळखणं, मला तरी असाच अर्थ लागतो.

जुना_मेंबर:
तुमचा अर्थ तुमच्यापाशी. मंडळी नियमाने चालते.

वसईची_पोर:
मी कॅथलिक, तरी मध्ये बोलते. आमच्याकडे १९१० ला पोप दहावे पायस यांनी ही भाकर पहिल्यांदा घ्यायचं वय साधारण सातवर आणलं, ही साधी भाकर नाही एवढं लेकराला त्याच्या कुवतीप्रमाणे कळलं की पुरे. केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बाप्तिस्म्यालाच तान्ह्या बाळाला देतात, ते बाळ काय आत्मपरीक्षण करणार? आमच्या १९१७ च्या चर्च कायद्यात शरीराच्या व्यंगावरून याजकपद अडायचं, १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिलं नाही, आणि २०२४ ला थ्रिसूरला जोसेफ तेर्मादोम हे भारतातले पहिले कर्णबधिर फादर झाले. नियम बदलतात हो.

व्हीलचेअरवरून:
माझं दृढीकरण झालंय, पण वेदीपर्यंत तीन पायऱ्या आहेत म्हणून पाळक सगळ्यांचं झाल्यावर खाली आणून देतात. मनाने फार चांगले आहेत. रॅम्पचं विचारलं तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फूट, तेवढी जागा नाही म्हणतात. ते ३३ वचन वाचून आज गलबलून आलं. मंडळी माझ्यासाठी थांबत नाही, दर वेळी मीच मंडळीसाठी थांबते.

जुना_मेंबर:
रॅम्पला माझा पूर्ण पाठिंबा आहे बहिणी, तो जागेचा प्रश्न आहे, हा विधीचा आहे.

थोरली_ताई:
त्याला समजत नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? घरी पाव आला की तो आधी तोडतो, आईला देतो, मला देतो, भांडीवाल्या मावशींना देतो आणि सगळ्यात शेवटी स्वतः घेतो. कुणी शिकवलं नाही, उपासनेत बघून बघून. मावशी एकदा नको म्हणाल्या तर हातात तुकडा धरून तिथेच उभा राहिला, त्यांनी घेईपर्यंत हलला नाही.

जुना_मेंबर:
हे वाचून थांबलो. दृढीकरणाशिवाय नको हे माझं मत अजून तेच आहे, पण प्रश्नोत्तरं पाठच यावीत असा माझा हट्ट नाही. पाळकसाहेबांना घरी बोलवा, त्यांनी त्याच्याजवळ बसावं, बघावं आणि मग ठरवावं. कमिटीलाही लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

थोरली_ताई:
अर्ज आजच लिहिते. पाळकसाहेबांना चार वाजता बोलावते, पाववाला तेव्हाच येतो.