प्रतिसाद: मोटर बसवायला कुठली सायकल घ्यावी

तुम्ही विचारलंय की आठ-दहा हजारांत दुकानातून नवी सायकल घेऊन 250 वॅटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) बसवायची, तर कुठली घ्यावी. माझं मत, साधी स्टीलच्या फ्रेमची, पुढे साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) असलेली घ्या, ते दोन्हीकडे शॉकप वाली दिसायला भारी दिसतात पण फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात बॅटरीला जागाच उरत नाही आणि वजन उगाच वाढतं.

दुकानात जाताना खिशात मेजरटेप ठेवा. मागचं चाक जिथे बसतं ना, त्या दोन पट्ट्यांच्या मधलं आतलं अंतर मोजा, गिअरवाल्या सायकलला बहुतेक 135 मिमी असतं आणि बऱ्याचशा मागच्या हब मोटर त्याच मापाच्या येतात, बिनगिअरच्या सायकलला ते कमी भरतं मग फ्रेम ताणत बसावं लागतं.

पुढच्या चाकात मोटर घालणार असाल तर अॅल्युमिनियमचा फोर्क नकोच. मी तीच चूक केली होती, चढाला थ्रॉटल दिला आणि एक्सल म्हणजे चाकाचा आस फोर्कच्या खाचेतच फिरला, वायर पीळ पडून तुटली, खाच अशी रुंद झाली की बोट जाईल. आता टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून अडकवायची पट्टी, लावल्याशिवाय मी चाक हलवत नाही, तुम्हीही लावाच, स्टील असलं तरी.

आणि ब्रेक! निदान पुढे तरी डिस्क हवाच, बॅटरी-मोटर धरून सहा-सात किलो वाढतात हो. वेग ताशी 25 किमीच्या आत ठेवा म्हणजे पासिंगची (आरटीओ नोंदणीची) भानगड सहसा नाही.