बी विंगचा रॅम्प आणि ब्रेकची किंचाळी

बी-१०१ देशपांडे काकू, सकाळी ६:१२
नमस्कार मंडळी. पोडियमवरून, म्हणजे वरच्या पार्किंगमधून, पहाटे ज्या गाड्या रॅम्पने खाली येतात त्यांच्या ब्रेकचा आवाज कोणी ऐकलाय का? थंडी पडल्यापासून रोजचं झालंय. आमची बेडरूम रॅम्पला लागून. यांचा डोळा लागतो रात्री दोनला आणि साडेपाचला पहिली किंचाळी. कोणाची गाडी ते सांगत नाही, पण पांढरी आहे.

ए-५०२ निखिल, ६:२०
काकू, आपल्या पार्किंगमध्ये पांढऱ्याच जास्त आहेत 😄

बी-६०३ अमृता, ६:२४
काकू, सॉरी. त्यातली एक माझी असणार. मला पंचवटी एक्सप्रेस पकडायची असते, नाशिकरोडला पोहोचायला लवकर निघते. पण ब्रेक लागतात व्यवस्थित, फक्त आवाज करतात.

ए-२०४ पगार, ६:३१
अहो, काल निफाडला पारा किती उतरला माहितीय का? गाड्या किंचाळणारच. थंडीचा आवाज आहे, संक्रांत झाली की जाईल.

सेक्रेटरी वाघ सर, ७:०५
सुप्रभात. कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीविषयक संदेश टाकावेत. (काकूंचा विषय सोसायटीचाच आहे. हे काल रात्री साडीच्या सेलचे फोटो टाकणाऱ्यांसाठी.)

ए-५०२ निखिल, ७:४०
मी तर सर्व्हिस सेंटरला विचारून आलो. गाडी न उघडता पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, ब्रेक ऑइल असं सगळं एस्टिमेट हातात दिलं. पाच आकडी. त्यापेक्षा चेन-कुलपावर मारायचा स्प्रे असतो ना, तो डिस्कवर मारून बघतो आज. आवाज घर्षणाचाच आहे ना शेवटी.

सी-४०३ शिंदे काका, ७:४३
निखिल थांब. मारू नकोस. टाइप करतोय.

सी-४०३ शिंदे काका, ७:५८
तेल, ग्रीस, स्प्रे, खोबरेल, काहीही डिस्कला किंवा पॅडला लागता कामा नये. घर्षण म्हणजेच ब्रेक. ते घालवलंस तर आवाज जाईल आणि गाडी सरळ कॉलेज रोडच्या सिग्नलपार जाऊन थांबेल. शिवाय पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारी वडी, सच्छिद्र असतं, तेल पितं. एकदा प्यायलं की पुसून निघत नाही, पॅड फेकावंच लागतं. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलंय. तेलकट लायनर (ड्रम ब्रेकमधला घासणारा थर) घासून पुन्हा बसवणाऱ्याला आमचे फोरमन दिवसभर उभं करायचे.

ए-५०२ निखिल, ८:०१
ओके काका. डबा परत कपाटात.

बी-१०१ देशपांडे काकू, ८:०४
मग करायचं काय ते सांगा.

सी-४०३ शिंदे काका, ८:३०
सांगतो, जरा लांबेल. पुढच्या चाकात जी चकचकीत थाळी दिसते ती डिस्क बिडाची असते. घर्षण हवं म्हणून तिला रंग नाही, लेप नाही, उघडं बीड. त्यावर ओल बसली की काही तासांत तांबूस गंज धरतो, अगदी पातळ, बोटाला लागेल इतकाच. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक मारले की पॅड तो खरवडून काढतं. त्या दोन-चार ब्रेकला आवाज होतो.
दुसरं, पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, गार असताना जास्त कडक असतो. पॅड डिस्कला धरतं, सुटतं, परत धरतं, असं सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क थरथरायला लागते. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की कानठळ्या बसतात, तोच प्रकार. पॅड तापलं की थरथर थांबते. म्हणून सकाळी आवाज आणि दुपारी गाडी गप्प.
हा आवाज निरुपद्रवी. त्यासाठी पाच आकडे मोजू नका.

ए-२०४ पगार, ८:३४
म्हणजे मी म्हणत होतो तेच. थंडी.

सी-४०३ शिंदे काका, ८:३७
नाही पगार साहेब. थंडी एकटी असती तर ठीक. पोडियमला वर छप्पर आहे, दव पडत नाही. मग डिस्कला ओल येते कुठून, हा माझा प्रश्न आहे. उद्या पहाटे बघतो.

बी-३०२ बोरस्ते वहिनी, ९:१५
रविवारी हुरडा आणणार आहे, गावाकडचा. कोणाला हवा असेल तर पर्सनलवर कळवा.

सेक्रेटरी वाघ सर, ९:१६
वहिनी 🙏

सी-४०३ शिंदे काका, दुसऱ्या दिवशी सकाळी ६:४०
सापडलं. गाड्या पुसणारा पोऱ्या पाचला येतो. बादली घेऊन प्रत्येक चाकावर दोन-दोन मग पाणी मारतो, टप कपड्याने पुसतो, पुढच्या गाडीकडे जातो. अर्ध्या तासाने ओल्या, गार डिस्क घेऊन तुम्ही थेट रॅम्पवर. उतार, गाडी हळू, ब्रेकवर पाय हलका. किंचाळायला याहून सोयीची परिस्थिती नाही. जोरात दाबलेला ब्रेक कमी ओरडतो, हलका दाबलेला जास्त.

सी-२०१ आहेर, ६:५२
त्या पोराला दोष देऊ नका. मागच्या महिन्यात याच ग्रुपवर चाकं मळकी राहतात म्हणून ओरड झाली होती. तेव्हापासून तो पाणी मारायला लागला.

सी-४०३ शिंदे काका, ६:५५
दोष देतच नाही. पगार आपण देतो, सांगायचं आपण. चाकं रविवारी धू, बाकीचे दिवस नुसता ओला फडका मार, आणि रविवारी धुतलेल्या गाडीला एक चक्कर मारून दोन-चार ब्रेक दाबून मगच लावा. सुकून येते डिस्क. गाडी धुऊन तशीच रात्रभर उभी केली तर दुसऱ्या दिवशी आवाज ठरलेला.

बी-१०१ देशपांडे काकू, ७:०१
आणि पाणीही वाचेल. आमच्या मजल्याला तसंही प्रेशर नाही.

सेक्रेटरी वाघ सर, ७:०३
पाण्याचा विषय मासिक सभेत घेऊ.

ए-५०२ निखिल, ७:२०
काका, अजून एक. गाडी काढताना पहिल्यांदा हलली की मागून ‘टक्’ असा मोठा आवाज येतो. काहीतरी तुटल्यासारखा.

सी-४०३ शिंदे काका, ७:२८
तुझ्या गाडीला मागे डिस्क नाही, ड्रम आहे, चाकाबरोबर फिरणारा बंद डबा. आत शू असतात, हँडब्रेक ओढला की ते ड्रमला जाऊन टेकतात. ओल्या चाकांवर हँडब्रेक ओढून रात्रभर उभी केलीस की शू ड्रमला चिकटतात, सकाळी सुटताना ‘टक्’. सपाट जागेवर असशील तर गाडी गिअरमध्ये ठेव, चाकाला लाकडी ओंडका लाव, हँडब्रेक नको. रॅम्पवर किंवा उतारावर मात्र हँडब्रेक हवाच, तिथे ही हुशारी नको.
ड्रममध्ये लायनरची भुकटी साठते, तीही आवाज करते. सर्व्हिसिंगला ड्रम उघडून साफ केला का ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी उघडतच नाहीत, बिलात मात्र असतं.

सी-२०१ आहेर, ७:३५
ती भुकटी फुंकर मारून किंवा हवा मारून उडवू देऊ नका हो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. फुप्फुसाला वाईट.

सी-४०३ शिंदे काका, ७:३७
शंभर टक्के. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने. आमच्या काळी तोंडाला रुमालही नसायचा.

ए-२०४ पगार, ७:५०
माझी इलेक्ट्रिक आहे. त्यात इंजिनच नाही, मग ब्रेकचा आवाज कशाचा? शोरूमवाला म्हणाला होता, मेंटेनन्स शून्य.

सी-४०३ शिंदे काका, ८:०५
तुमच्या गाडीला तर जास्त होणार. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडीला अडवते आणि त्यातून बॅटरी चार्ज करते. म्हणजे डिस्क-पॅडला कामच कमी. गंज बसला की तो खरवडायला कोणी नाही. पॅड वर्षानुवर्षं टिकेल, पण मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, पायाने नीट ब्रेक दाबत जा.

बी-६०३ अमृता, ८:३०
काका, माझं वेगळं वाटतंय. मी गाड्या पुसणाऱ्या पोऱ्याला सांगितलं होतं की माझ्या गाडीला पाणी मारू नकोस, तरी आवाज आहे. स्टेशनपर्यंत येतो. आणि गंमत म्हणजे ब्रेक दाबला की थांबतो! सोडला की परत बारीक चिर्रर्र.

सी-४०३ शिंदे काका, ८:३२
किती दिवस?

बी-६०३ अमृता, ८:३३
दिवाळीपासून असेल.

सी-४०३ शिंदे काका, ८:४१
अमृता, हा थंडीचा आवाज नाही. पॅडला लोखंडाची छोटी पट्टी असते, मसाला झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासायला लागते. मुद्दाम ठेवलेली असते, ड्रायव्हरला कळावं म्हणून. चाक फिरलं की आवाज, ब्रेक दाबला की पट्टी दबून कधीकधी गप्प. आजच दाखवून घे. उद्या ट्रेनला रिक्षाने जा.

बी-६०३ अमृता, ८:४४
पण मी चाकाच्या फटीतून टॉर्चने बघितलं होतं, पॅड बरंच जाड दिसलं.

सी-४०३ शिंदे काका, ८:४९
तुला बाहेरचं दिसतं. आतलं, गाडीच्या पोटाकडचं, दिसत नाही आणि तेच आधी संपू शकतं.

ए-५०२ निखिल, ८:५५
फॅन बेल्टही असू शकतो ना? माझ्या जुन्या गाडीला थंडीत सकाळी असाच आवाज यायचा.

सी-४०३ शिंदे काका, ८:५८
बेल्ट असेल तर गाडी जागेवर उभी असतानाच, स्टार्टर मारल्या मारल्या ओरडतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की वाढतो. हिचा चाकाबरोबर येतोय. चाकाबरोबर येणारा पण सतत खरखरणारा असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलेलाही असतो. हिचा तसा वाटत नाही.

बी-६०३ अमृता, संध्याकाळी ७:१५
काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. सातपूरच्या मेकॅनिककडे नेली. डावीकडचं आतलं पॅड जवळजवळ पत्र्यावर आलेलं, बाहेरचं अर्धं शिल्लक. तो म्हणाला कॅलिपरची पिन जाम झालीय. फोटो टाकते.

सी-४०३ शिंदे काका, ७:२२
बघितला. पिनेवर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, सरकला पाहिजे, तरच दोन्ही पॅड सारखी दाबली जातात. पिन जाम झाली की एकच बाजू मार खाते. रबरी टोपी फाटली असेल, पाणी आत गेलं, गंजली. मेकॅनिकला सांग, पिन साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लाव, बेअरिंगचं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पॅड दोन्ही चाकांची एकदम बदल, एकट्या डावीकडची नाही. डिस्कवर बोट फिरवून बघ, खाचा लागल्यात का? कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून मगच लेथवर फिरवायची का नवी घ्यायची ते ठरतं.

बी-६०३ अमृता, ७:३०
मोजली त्याने. डिस्क चालेल म्हणाला, नुसता पॉलिश पेपर मारला. पॅडमध्ये स्वस्त लोकल आणि कंपनीचं असे दोन दाखवले.

सी-४०३ शिंदे काका, ७:३३
कंपनीचं. स्वस्तातल्यात लोखंडाचा कीस भरपूर, ते गार असताना जास्त ओरडतं आणि डिस्कही खातं. पॅडच्या पाठीला पातळ पत्रा, शिम म्हणतात, तो आहे का बघ. थरथर तोच शोषून घेतो. जुना काढून फेकतात आणि नवा बसवत नाहीत, मग नव्या पॅडलाही आवाज.
आणि नवीन पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. एकदम जोरात नाही, सप्तशृंगीच्या घाटातून ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं तर नाहीच. नवं असो की जुनं, घाटात पाय सतत ब्रेकवर राहिला की पॅड तापून वरून कडक, चकचकीत होतं. मग ते उन्हाळ्यातही ओरडतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

ए-५०२ निखिल, ७:४०
मग माझ्या एस्टिमेटमधलं ब्रेक ऑइल?

सी-४०३ शिंदे काका, ७:४६
त्याचा आवाजाशी संबंध नाही. पण ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. तुझं कधी बदललंय ते सर्व्हिस बुकात बघ. बाकी पॅड किती मिलिमीटर शिल्लक आहे ते चाक काढून दाखवा म्हणावं. नवीन पॅडला मसाला साधारण दहा मिलिमीटरचा असतो. तीनच्या वर आणि सकाळपुरता आवाज असेल तर पैसे खिशात ठेव. खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, किंवा पेडल खोल जायला लागलं, गाडी एका बाजूला ओढली, तर मात्र गाडी चालवत गॅरेजलाही न्यायची नाही. टो करा.

बी-३०२ बोरस्ते वहिनी, ८:१०
काका, तुम्ही रविवारी सगळ्यांच्या गाड्या बघाल का? हुरडा माझ्याकडून.

सी-४०३ शिंदे काका, ८:१४
साडेनऊला पोडियमवर येतो. टॉर्च आणि ज्याचा त्याचा जॅक आणा. चाक मी उघडणार नाही, पाठ धरते, नट तुम्हीच सोडवायचे.

सेक्रेटरी वाघ सर, ८:३०
सूचना: सोमवारपासून गाड्या पुसताना चाकांवर पाणी मारले जाणार नाही. चाके फक्त रविवारी धुतली जातील. ज्यांना मान्य नाही त्यांनी मला पर्सनलवर कळवावे, इथे नको.

सी-२०१ आहेर, ८:३३
काका, रविवारी माझी स्कूटर आणली तर चालेल का? तीही करते आवाज.

सी-४०३ शिंदे काका, ८:३४
आणा की. पुढे डिस्क आहे का ड्रम?

सी-२०१ आहेर, ८:४०
ते कुठून बघायचं?