आईने दुधाच्या वहीत लिहून ठेवलंय, 'नळी नको'. भाऊ म्हणतो अभद्रपणा. तुमचं काय मत?

सोमवारची_सायली
जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा गेले त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. वय ८१, मोठा स्ट्रोक, १९ दिवस आयसीयू. ते नळ्या ओढायचे म्हणून दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेले होते. भेटायची वेळ संध्याकाळी दहा मिनिटं, त्यात मी ती पट्टी सोडून मनगट चोळत बसायचे, सिस्टर आली की परत बांधायची. बाबा धडधाकट असताना शंभरदा म्हणालेले की मला असं लटकवून ठेवू नका. पण कागदावर काही नाही, भाऊ बाहेरच्या देशात, तो व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना एकच सांगायचा, "डू एव्हरीथिंग". तर त्यांनी केलं एव्हरीथिंग.

आता आई, ७६. गेल्या महिन्यात दुधाच्या हिशोबाची वही चाळत होते तर शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात: "नळी नको. हात बांधायचे नाहीत. घरी न्या. रेडिओ लावा." मी म्हटलं चल रीतसर लिव्हिंग विलच करू, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी वाटेला जायचं नाही. २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. भावाला सांगितलं तर तो उसळलाच, जिवंत आईचं काय लिहिताय, शुभ बोला जरा. माझं मत स्पष्ट आहे, साठी झाली की प्रत्येकाने हे करावं. बोला आता.

उगाच_एक
मी तुमच्या भावाच्या बाजूने. धडधाकट असताना माणूस काहीही बोलतो हो. माझी आत्या कायम म्हणायची मला मशीनवर ठेवू नका, २०२१ मध्ये कोविड झाला, १४ दिवस व्हेंटिलेटर, आम्ही आशा सोडलेली. आज ठणठणीत आहे, परवाच पापड लाटून पाठवलेत. तेव्हा असा कागद असता तर? आणि दुसरं म्हणजे इस्टेट. सगळ्या घरांत तुमच्यासारखी लेक नसते, म्हातारीचा फ्लॅट कोथरूडला असेल तर तिच्या 'इच्छा' कोण लिहून घेईल ते सांगायला नको.

तालुक्याचा_डॉक्टर
उगाच, आत्यांच्या केसमध्ये तो कागद बाहेरच आला नसता. बरं होण्याची आशाच नाही असा आजार असेल आणि पेशंट स्वतः बोलायच्या स्थितीत नसेल तेव्हाच लिव्हिंग विलचा विषय निघतो. त्यातही हॉस्पिटलचं एक मेडिकल बोर्ड बघणार, मग दुसरं बोर्ड बघणार, ज्यात सीएमओने, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, दोन्हीकडे पाच वर्षं तरी अनुभव असलेले तज्ज्ञ, दोन्ही बोर्डांचं एकमत झालं तर मॅजिस्ट्रेटला कळवून मगच मशीन काढायचं. मुलगा म्हणाला आणि प्लग ओढला असं होत नाही. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याचा शब्द शेवटचा, कागद कधीही रद्द करता येतो. आणि इंजेक्शन देऊन मरण वगैरे आपल्याकडे बेकायदाच आहे, ते यात आणू नका.

इस्टेटीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत. म्हणून साक्षीदार घरातले नकोत, आणि निर्णय घ्यायला एकाच मुलाचं नाव टाकू नका.

पेन्शनर_बाहत्तर
मी केलंय. नोटरीकडे गेलो तर तो विचारतो, "प्रॉपर्टी कोणाच्या नावावर करताय?" म्हटलं बाबा रे हे मृत्युपत्र नव्हे, मी मेल्यावर काय करायचं ते नाही, मरताना काय करायचं नाही ते लिहिलंय. त्याने चष्मा काढला, दोनदा वाचलं आणि म्हणाला, काका मला पण एक कॉपी द्या.

आणि अभद्र कसलं? विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सगळं बंद केलं, ऐन दिवाळीत गेले. तेव्हा आमच्या घरात कोणी अभद्र म्हटलं नाही, हात जोडले. आपल्या आईने तेच म्हटलं की हिला डिप्रेशन आलंय.

उगाच_एक
काका, विनोबांचं उदाहरण देऊ नका, ते शुद्धीवर होते आणि स्वतः ठरवलं. इथे आज लिहिलेलं दहा वर्षांनी बेशुद्ध माणसाला लावायचंय. मधल्या दहा वर्षांत नातू झाला असेल, त्याची मुंज बघायची असेल.

खेडूत_बरा
तुमचं सगळं पुण्याचं चाललंय. आमच्याकडं नळी लावू का नको हा प्रश्नच येत नाय, पैसे संपले का नळी निघती. माझ्या चुलत्याला जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात ठेवलं व्हतं, नवव्या दिवशी डिपॉझिट भरा म्हणाले, नव्हतं. डामावर सही घेतली, म्हणजे आम्ही आमच्या मर्जीनं नेतोय. गाडीत मी आणि भाऊ आळीपाळीनं ती रबरी पिशवी दाबत हुतो, अंबू का काय, ५५ किलोमीटर. हात भरून आलं की दुसऱ्यानं घ्यायची. पाराशी गाडी आली तेव्हा भाऊ म्हणला आता बास. कोणचं बोर्ड आणि कोणचा मॅजिस्ट्रेट. बास म्हणायचं काम त्यानं केलं, अजून रात्री झोपत नाय तो.

सोमवारची_सायली
खेडूत, हे वाचून काही सुचेना. खरंच.

तालुक्याचा_डॉक्टर
मी पण तेच सांगायला आलो होतो, त्यांनी बरं सांगितलं. आपण कागदावर भांडतोय, पण घरी नेल्यावर काय? कॅन्सरच्या पेशंटला दुखायला लागलं की मॉर्फिनच्या गोळ्या लागतात. २०१४ ला कायदा बदलून ते सोपं केलं, तरी माझ्या तालुक्यात एकाही मेडिकलमध्ये मिळत नाही. पेशंट रात्रभर ओरडतो आणि नातेवाईक पहाटे परत आयसीयूत आणतात. त्यांची काय चूक? केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या सेवेचं धोरण केलं, तिथे नर्स घरी जाऊन जखमा धुते, ट्यूब बदलते. आपल्याकडे पुण्यात वारज्याला त्यासाठी सिप्लाचं सेंटर आहे, १९९७ पासून, फुकट. मुंबईत टाटा आहे, वांद्र्याला शांती आवेदना आहे. पण शहराबाहेर काय?

सायलीताई, अजून एक. आई घरीच वारल्या तर मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरचा दाखला लागेल, फॉर्म ४अ. रात्री तीन वाजता कोण येणार ते आत्ताच फॅमिली डॉक्टरशी बोलून ठेवा. लोक इथेच अडकतात, मग बॉडी घेऊन कॅज्युअल्टीत जावं लागतं, तिथून पोस्टमॉर्टेमचा घोळ.

न्यूजर्सीचा_नितीन
मी तो परदेशातला भाऊ. म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी. आम्ही "सगळं करा" का म्हणतो सांगू? कारण दुसरं काहीच करत नसतो. पाच वर्षं आईच्या औषधांचा डबा बहिणीने भरला, मी फक्त पैसे पाठवले, मग शेवटच्या आठवड्यात मी कुठल्या तोंडाने "बास" म्हणू? इथे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होताना विचारतातच, तुमचं डायरेक्टिव्ह, म्हणजे असा कागद, आहे का, १९९० च्या कायद्याने विचारावंच लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलो तरी मला विचारलं. मी फॉर्म भरून बायकोचं नाव टाकलं, दोन मिनिटांत. आणि त्याच महिन्यात आईच्या वेळी फोनवर डू एव्हरीथिंग. भावाला रागवा पण त्याला वही दाखवा. टाइप केलेलं नको, वहीचा फोटो.

मडगांवची_मांजर
आमच्याकडे गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल जाहीर कार्यक्रमात केलं, राज्यातलं पहिलंच. त्यानंतर आमच्या वाड्यावर निदान विषय तरी निघायला लागला, आधी कोणी काढला की आजी उठून आत जायची. कागदाची एक प्रत पंचायत किंवा पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, ती विसरू नका. घरातली प्रत ऐनवेळी सापडत नाही.

उगाच_एक
ठीक आहे, कायदा कळला. तरी माझं मत तेच. डॉक्टर म्हणतात मॉर्फिन नाही, नर्स नाही, खेडूत म्हणतात पैसे नाहीत. मग अशा देशात "मला उपचार नकोत" असा कागद सोपा करणं म्हणजे हॉस्पिटल, सरकार, पोरं, सगळ्यांना मोकळं करणं. आधी घरी नर्स पाठवा, मग माझी सही मागा. आणि म्हाताऱ्या बायका "नको" फार पटकन म्हणतात हो. आमची आई दुसरी पोळीपण नको म्हणायची, आग्रह केला की खायची.

पेन्शनर_बाहत्तर
हा पोळीचा मुद्दा मात्र लागला.

सोमवारची_सायली
मलाही लागला, म्हणून काल आईला थेट विचारलं, तुला खरंच नको की आम्हाला त्रास नको म्हणून नको? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दोन्ही. वेगळं कसं काढू?" मग थोड्या वेळाने, "पण हात बांधायचं ते माझं आहे. ते त्रासाचं नाही. ते मी बघितलंय."

साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड बँकवाले काका आणि तिच्या भजनी मंडळातल्या एक मावशी तयार आहेत. फॅमिली डॉक्टर रात्री येईन म्हणालेत, पावसाळा सोडून, आमच्या गल्लीत पाणी भरतं. वहीचा फोटो भावाला पाठवला. निळ्या दोन टिका आल्या, उत्तर नाही. रविवारी तो आईला फोन करतोच, या वेळी मी स्वयंपाकघरात थांबणार आहे, तिचं तिलाच बोलू दे.