घरच्या कुलपापासून तिकडच्या बेलपर्यंत: खरे तास किती?

मुंबई-लंडन अंतर शोधलं की उत्तर मिळतं: सुमारे 7,200 किलोमीटर, साडेनऊ-दहा तास. पण आपण कोल्हापूरकर कुठं मुंबईत राहतो? आपल्या उजळाईवाडी विमानतळावरून परदेशात थेट काही उडत नाही. तेव्हा पोरं-नातवंडं तिकडं असणाऱ्यांनी आणि शिकायला-नोकरीला गेलेल्यांनी दारापासून दारापर्यंतचा हिशेब लिहावा. तिकिटावरचा नको. आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या पेठेच्या-गावाच्या नावानं.

राजारामपुरी
मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं जातो. रात्री नऊच्या आत सुटते, सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटी. अंतर 518 किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर-मुंबईला जेवढा वेळ, तेवढ्यात पुढं लंडन! येताना विमान तासभर लवकर पोचतं, कारण पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीम पाठीशी असतो. तो वाचलेला तास खंबाटकी घाटात जातो, ते सोडा.

ताराबाई पार्क
माझी लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ असते. एकटीच जाते मी, व्हीलचेअर सांगून ठेवते. चालता येत नाही म्हणून नव्हे हो, गेट चुकायला नको म्हणून. पर्समध्ये लेकीनं इंग्रजीत लिहून दिलेली चिठ्ठी: नाव, पत्ता, 'मला शाकाहारी जेवण द्या'. घड्याळाचं मात्र सोपं आहे. उन्हाळ्यात तिकडं साडेबारा तास मागं, म्हणून काटा अर्धा तास मागं घेतला की झालं. दिवसाची रात्र होते एवढंच. झोपेला हे कोण समजावणार?

शिवाजी पेठ
शाळेत भूगोल शिकवतो, परदेशी गेलेलो नाही, तरी लिहितो. पृथ्वीच्या गोलावर बंगळूरु आणि सॅन फ्रान्सिस्कोला दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतं, तो पॅसिफिकवरून जाईल. जातो उत्तर ध्रुवाच्या अंगानं! 2021 च्या जानेवारीत एअर इंडियाचं पहिलं थेट विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला तसंच ध्रुवावरून आलं. सुमारे 14,000 किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास, आणि वैमानिक सगळ्या महिला. पोरं दोरा सोडायला तयार नसतात.

कळंबा
मेलबर्न, सिंगापूरला विमान बदलून. वेळेचं विचारू नका, मधल्या थांब्यावर सगळं अवलंबून. पण आईनं कांदा-लसूण चटणी दिली असेल तर उतरताना फॉर्मवर खायचं सामान आहे म्हणून लिहाच. लपवलं तर जबर दंड बसतो. माझा डबा त्या साहेबानं उघडला, वास घेतला, मान मागं घेतली, पुन्हा वास घेतला आणि जा म्हणाला. नाद खुळा!

कागल
भावांनो, हायवेला सहापदरीचं काम चाललंय तोवर मी आदल्या दिवशीच निघून पनवेलला पाव्हण्यांकडं मुक्काम टाकतो. जेवण बरं असतंय तिथं.