मदत हवी आहे: विज्ञान-लघुपटासाठी २०८० सालची बंदूक बनवतेय, पडद्यावर खरी वाटायला काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एक मराठी विज्ञान-लघुपट करतोय. गोष्ट २०८० सालच्या पुण्यातली. खडकवासल्याचं पाणी तेव्हा मोजून मिळतंय आणि मुठा उजव्या कालव्यावर रात्रपाळीला एक रक्षक बाई उभी आहे. तिच्या हातात सरकारने दिलेली बंदूक आहे. ती बनवायचं काम माझ्याकडे आहे. कला-दिग्दर्शन, थ्रीडी प्रिंटिंग, गणपतीचे हलते देखावे, इलेक्ट्रॉनिक्स, यातलं काहीही केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

आधीच स्पष्ट करते, यातून काहीही उडणार नाही. छर्रा नाही, बार नाही, धूरही नाही. नळी भरीव असेल. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका चित्रपटाच्या सेटवर प्रॉप म्हणून वापरलेल्या खऱ्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि छायालेखिकेचा जीव गेला. तेव्हापासून सेटवर खरं हत्यार नको, यावर मी ठाम आहे.

आता अडचण. एका मित्राने कॉम्प्युटरवर सुंदर डिझाइन केलं, आम्ही ते पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये प्रिंट करून घेतलं. स्क्रीनवर जे झकास दिसत होतं ते हातात घेतल्यावर खेळणं वाटतं. रंग अजून द्यायचा आहे हे खरं, पण मला वाटतं मूळ दुखणं रंगाचं नाही.

जुन्या विज्ञानपटांतली शस्त्रं कशी बनली ते वाचत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधलं हान सोलोचं ब्लास्टर हे मुळात जर्मन माउझर सी-९६ पिस्तूल, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं डिझाइन. त्यावर दुर्बीण आणि इतर भाग चढवलेले. त्याच चित्रपटातल्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. १९८६च्या 'एलियन्स'मधली पल्स रायफल थॉम्पसन सबमशीनगन आणि शॉटगनच्या भागांवर उभी आहे. या सगळ्यांत प्रत्येक स्क्रू, खाच, खटका कुणीतरी खऱ्या कामासाठी दिलेला आहे. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते पटतं. आपल्याला खऱ्या बंदुकीचा सांगाडा घ्यायचा नाही, मग तो खरेपणा आणायचा कुठून?

माझं उत्तर असं: आधी ही वस्तू चालते कशी ते ठरवायचं आणि आकार त्यातून निघू द्यायचा. आमची बंदूक विद्युतचुंबकी आहे. तांब्याच्या वेटोळ्यांची रांग, त्यांतून एकामागून एक प्रवाह सुटतो आणि लोखंडी गोळी पुढे खेचली जाते. थोडं गणित करून पाहिलं. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने जायची तर तिच्यात ४९० ज्यूल ऊर्जा हवी, साधारण आजच्या नऊ मिलीमीटर पिस्तुलाच्या गोळीइतकी. ऊर्जा साठवणं सोपं आहे. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलच्या आसपास असते. कठीण आहे ती क्षणार्धात बाहेर काढणं. त्याला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एका झटक्यात सोडणारे भाग, लागतात. ४५० व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पूर्ण भरला की त्यात १०१ ज्यूल मावतात. यंत्रणेची कार्यक्षमता १० टक्के धरली तर एका गोळीमागे ४९०० ज्यूल, म्हणजे असे जवळजवळ पन्नास कपॅसिटर!

२०८० पर्यंत कपॅसिटर लहान झाले असं मानू. पण उरलेल्या ४४०० ज्यूलची उष्णता होणार, तिचं काय? बंदुकीत एक किलो ॲल्युमिनियम असेल तर दर गोळीला ते जवळपास ५ अंशांनी तापेल. भराभर दहा गोळ्या झाडल्या की ५० अंश. बाहेर मे महिन्याची ३० अंशांची रात्र असेल, तर धातू ८० अंशांवर गेला. उघड्या हाताने धरताच येणार नाही. धक्काही बसणार, कारण गोळी दारूने ढकला नाहीतर चुंबकाने ओढा, संवेगाचा नियम सुटत नाही.

या आकड्यांनी आमचं डिझाइनच नव्हे, पटकथासुद्धा बदलली. आता बंदुकीच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकणारे पंखे आहेत (फिरणारे नाहीत, ॲम्प्लिफायरच्या हीट सिंकला असतात तशा धातूच्या पातळ पट्ट्या). पुढच्या मुठीला त्या बाईने जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आहे, काठासकट. पंख्यांजवळचा रंग उडून खालचा धातू उघडा पडलाय. आणि क्लायमॅक्सला तिला बंदूक थंड व्हायची वाट पाहत बसावं लागतं. निळे दिवे सगळे काढून टाकले. अंधारात पहारा देणारं माणूस स्वतःची जागा दाखवणारी वस्तू कशाला वागवेल?

वेटोळ्यांसाठी मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसले होते. तिथले कारागीर तांब्याची तार गुंडाळून झाली की वेटोळ्याला सुती फीत आवळतात, दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारतात, तारांच्या टोकांवर पिवळसर नळी चढवतात आणि मग सगळं व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवतात. ते सुकलेलं वेटोळं मधासारख्या तपकिरी रंगाचं, कडक आणि एकजीव होतं. साठ वर्षांनीही कालव्यावरची बंदूक जळाली तर ती अशाच एखाद्या दुकानात दुरुस्तीला जाईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून दिसणारी तीन वेटोळी त्यांच्याकडूनच करून घेणार आहे. त्यांतलं मधलं बाकीच्यांपेक्षा नवीन दिसेल, कारण ते गोष्टीच्या आधी कधीतरी बदललेलं आहे.

बंदूक सरकारी म्हटल्यावर तिच्यावर नोंद-क्रमांक आलाच. सरकारी कचेरीतल्या कपाटावर, खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने घातलेला असतो तसा: पा.वि./मु.उ.का./०४१७ (पाटबंधारे विभाग, मुठा उजवा कालवा). त्याच्या वर खोडलेला जुना क्रमांक, दुसऱ्या उपविभागातून बदली होऊन आल्याचा. स्टिकर नको, पेंटरच्या हातचाच हवा.

आता प्रश्न.

सगळ्यात मोठा वजनाचा. प्रिंट हलकी आहे आणि फोटोत ते कळत नाही, पण उचलताना लगेच कळतं. मनगट झुकत नाही, खांदा ताणला जात नाही, चालताना पट्टा खाली ओढला जात नाही. इन्सास रायफल चार किलोच्या आसपास भरते. ती आपल्याच पाषाणच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेत विकसित झाली. एवढं वजन अभिनेत्रीला रात्रभर पेलायला लावणं मला योग्य वाटत नाही. अडीच किलोपर्यंत न्यावं आणि तोल खटक्याच्या किंचित पुढे ठेवावा असा विचार आहे. आत एमएसचा (साध्या पोलादाचा) पाइप घालून दोन्ही टोकांना बोल्टने कसायचा, की त्यापेक्षा चांगला उपाय आहे? पाइपमुळे पडल्यावर प्रिंट तडकते का?

पळण्याच्या आणि पडण्याच्या दृश्यांसाठी दुसरी, मऊ प्रत लागेल. सिलिकॉनचा साचा काढून त्यात पीयू फोम (ओतल्यावर फुगून घट्ट होणारा) ओतावा, की सरळ ईव्हीए फोममध्ये (मऊ रबरासारख्या शीटमध्ये) कापून करावी? देखाव्यांसाठी फायबरचे साचे काढणारी मंडळी हे रोज करतात, त्यांचा अनुभव इथे फार मोलाचा ठरेल.

प्रिंटवरच्या थरांच्या रेषा घालवायला फिलर प्रायमर (बारीक खाचा भरणारं अस्तर) आणि १२०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर हा क्रम ठरवलाय. त्यावर मॅट काळा आणि मग ग्राफाइटची पूड कापडाने घासायची, म्हणजे लोखंडी झाक येते. पण पावसाळ्यात स्प्रे पेंट पांढरट पडतो. रंग घरातच द्यायचा आहे, तर काय काळजी घ्यावी?

गोळ्या मोजणारा आकडा देवनागरीत हवा. सेव्हन-सेगमेंटवर (डिजिटल घड्याळासारख्या सात पट्ट्यांच्या आकड्यांवर) आपले अंक नीट उमटत नाहीत, म्हणून ८×८ ठिपक्यांचा एलईडी मॅट्रिक्स आणि तो चालवणारी मॅक्स ७२१९ चिप घेतलीय. त्यावर ३ आणि ६ वेगळे ओळखू येतात, पण ५ अजून साधत नाहीये. कुणी ठिपक्यांत मांडला असेल तर नकाशा द्या. दुसरं म्हणजे हे दिवे प्रत्यक्षात भराभर उघडझाप करत असतात. २५ फ्रेम आणि १/५० शटरला चाललं, तरी स्लो मोशनच्या शॉटला शटर १/२०० झालं की पट्टे दिसतील अशी धास्ती आहे. त्या शॉटपुरता अंक पारदर्शक फिल्मवर छापून मागे साधा, सतत जळणारा एलईडी लावला तर?

परवानगीबद्दल थोडक्यात: कालव्याच्या रस्त्यावर रात्री शूटिंग आहे. पाटबंधारे खात्याची परवानगी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी पत्र, सोबत प्रॉपचे फोटो, एवढं करतोच आहोत. वस्तू बंद पेटीतून नेणार, कॅमेरा सुरू नसताना ती उघड्यावर राहणार नाही. पुण्यात असं शूटिंग केलेल्यांनी आणखी कुणाला कळवलं होतं?

भर: एवढ्या लवकर एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

सुटे भाग कुठे शोधते असं विचारलंत. बुधवारी-रविवारी जुना बाजार, गाड्यांच्या स्पेअरसाठी नाना पेठ, इलेक्ट्रॉनिक्सला तपकीर गल्ली, नट-बोल्ट आणि कड्यांना बोहरी आळी. मूठ जुन्या ड्रिल मशीनची घेतलीय. तिचा खटका दाबताना जो जाडसर 'खट्' आवाज येतो तो प्रिंटमध्ये मिळालाच नसता.

केळकर संग्रहालयातल्या जुन्या शस्त्रांच्या मुठी पाहायला सुचवणाऱ्या ताईंचे विशेष आभार. हात नेमका कुठे घासतो, पितळ कुठे चकाकतं आणि कुठे काळं राहतं हे बघून मगच कडांवर चंदेरी ब्रश फिरवीन.

पाइपऐवजी वेटोळ्यांच्या आत भरीव सळई ठेवून वजन तिथेच आणावं, हे एका दादांनी सुचवलं आणि ते मला सगळ्यात पटलं, कारण अशा बंदुकीत जड भाग खरोखर तिथेच असेल. दादा, सळई किती जाडीची घ्यावी आणि ती प्रिंटला धरून ठेवायला इपॉक्सी पुरेल की क्लॅम्प लावावेत, तेवढं सांगाल का? सळई भोसरीतून कापून आणायची आहे, त्याआधी माप पक्कं करते.