घरून इंटर्नशिप : मेंटॉर दोन-दोन दिवस उत्तर देत नाहीत, कसं सांभाळायचं?

कॉम्प_तिसरंवर्ष :
आठ आठवड्यांची घरून इंटर्नशिप सुरू आहे, पायथनमध्ये एपीआयचं काम. सकाळी 15 मिनिटांचा स्टँडअप (कामाच्या आढाव्याची बैठक) असतो, त्यात पूर्ण टीम असते. अडलं की मेंटॉर सरांना मायक्रोसॉफ्ट टीम्सवर मेसेज करतो. उत्तर कधी दुपारी येतं, कधी दोन दिवसांनी, आणि तोवर काम खोळंबतं. सारखं विचारलं तर त्यांना त्रास होईल, गप्प बसलो तर काम करत नाही असं वाटेल. शेवटचा मूल्यमापनाचा फॉर्म तेच भरणार आहेत. संबंध न बिघडवता काय करता येईल?

रिव्ह्यूवाला :
आधी तुझे मेसेज काढून बघ. 'सर, अडलोय, कॉल करू का?' या मेसेजला उत्तर द्यायचं तर मेंटॉरला हातातलं काम सोडून अर्धा तास काढावा लागतो, म्हणून तो मागे पडतो. दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा मेसेज लिही. उदाहरणार्थ (पेजिनेशन म्हणजे लांब यादी पानापानांनी दाखवणं, ऑर्डर बाय म्हणजे नोंदींचा क्रम लावणारी सूचना) :

'काम : ऑर्डरच्या यादीला पेजिनेशन. अडचण : दुसऱ्या पानावर पहिल्या पानातल्याच काही नोंदी येतात. तपासलं : क्वेरीत ऑर्डर बाय नाही, आयडीनं क्रम लावला की टेस्ट पास होतात. प्रश्न : क्रम आयडीनं लावू की तारखेनं? उत्तर येईपर्यंत आयडीनं लावून पुढे जातो.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर उशिरा आलं तरी तू थांबलेला नसतोस, आणि तुझी दिशा चुकत असेल तर सर लगेच अडवतात. मात्र डेटाबेसमधला डेटा बदलणं किंवा प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमला) हात लावणं यात असं गृहीत धरून पुढे जायचं नाही, तिथे थांबायचंच.

स्वतः 30 ते 45 मिनिटं झटापट केल्यावर विचार; त्याच्या आत घाई होते, त्यापुढे वेळ वाया जातो. खाजगी मेसेजऐवजी टीमच्या चॅनेलवर विचार, म्हणजे दुसरं कोणीही उत्तर देऊ शकतं. पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासणीला पाठवलेला कोडमधला बदल, तीही छोटी ठेव, 200 ओळींच्या आत. 900 ओळींचा रिव्ह्यू कोणीही 'उद्या बघू' म्हणून ठेवून देतो. हाताशी दुसरं छोटं टिकेट (नेमून दिलेलं काम) नेहमी मागून ठेव, रिव्ह्यू अडकला की तिकडे वळायला.

टीमलीड_नाशिक :
वरचं पटलं, पण सगळा भार इंटर्नच्या डोक्यावर नको. ऑफिसात चेहरा बघून कळतं की पोरगं अडलंय. घरून काम करताना ते दिसत नाही, म्हणून वेळ ठरवून देणं हे मेंटॉरचंच काम आहे. आठवड्याला 30 मिनिटांची दोघांचीच बैठक, रोज अर्धा तास ठरलेली शंकांची वेळ, आणि मेंटॉर रजेवर असेल तर विचारायला दुसरा माणूस, एवढं हवंच. पहिला आठवडा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) आणि रिपॉझिटरीच्या (कोड ठेवायच्या जागेच्या) ॲक्सेसमध्ये जातो आणि इंटर्न मंद आहे असा शिक्का बसतो, हे तर फारच अन्यायाचं आहे.

या गोष्टी मिळाल्या नसतील तर मागा. भीड भिकेची बहीण. 'सर, रोज 4 ते 4:30 मध्ये शंका एकत्र विचारल्या तर चालेल का?' असा प्रश्न कोणालाही आवडतो, कारण त्यानं दिवसभराचे व्यत्यय वाचतात.

मूल्यमापनाचा फॉर्म आत्ताच मागून घ्या आणि चौथ्या आठवड्यात त्यातले मुद्दे घेऊन सरांशी बोला. 'यातल्या कशात मी कमी पडतोय?' हे आठव्या आठवड्यात कळून उपयोग नाही. गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करण्याच्या कार्यक्रमात मध्यावर मेंटॉर सहभागी शिकाऊचं मूल्यमापन करतो आणि तो शिकाऊही मेंटॉरबद्दल कळवतो. कंपन्यांनी हे उचलायला हवं.

गाइड_मॅडम :
कॉलेजच्या बाजूनं सांगते. श्रेयांक तासांवर मिळतात. पदव्युत्तर ओजेटीत (ऑन जॉब ट्रेनिंग) 4 श्रेयांकांना 120 तास धरतात, तुमच्या अभ्यासक्रमाचा आकडा विभागाकडून घ्या. लॉगबुक शेवटच्या दिवशी एकदम सहीला पाठवू नका. मेंटॉर मध्येच नोकरी सोडतात, मग सही करायला कोणी उरत नाही. दर शुक्रवारी पाच ओळींचं ईमेल करा : काय झालं, काय अडलं, किती तास, पुढचा बेत, सरांकडून काय हवं. सीसीमध्ये कॉलेजचे गाइड. हे पहिल्या आठवड्यापासून असेल तर नेहमीची पद्धत वाटते. भांडणानंतर अचानक सीसी आला की तक्रार वाटते.

आठवडाभर काहीच उत्तर नसेल तर आधी सरांना एक फोन, मग टीममधल्या दुसऱ्या वरिष्ठांना, आणि त्यानंतर कॉलेजच्या गाइडमार्फत एचआरला. थेट एचआरकडे जाऊ नका.

बर्लिन_वेळ :
मेंटॉर परदेशात असेल त्यांच्यासाठी जोड. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आपली नाही. त्यामुळे तिथली सकाळी 9 ची बैठक आपल्याकडे 12:30 वरून 1:30 ला जाते आणि इंटर्न तासभर आधीच येऊन बसतो. अमेरिकेच्या तारखा आणखी वेगळ्या आहेत. कॅलेंडरचं निमंत्रण मेंटॉरच्या टाइमझोनमध्ये बनवा. प्रश्न त्यांचा दिवस सुरू होण्याआधी पोचला पाहिजे.

कॉम्प_तिसरंवर्ष :
मेसेजचा साचा आजपासून वापरतो. एक शंका : स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर 'उत्तर आलं नाही' म्हटलं तर सरांना टोचणार नाही का?

रिव्ह्यूवाला :
टोचेल. म्हणून 'उत्तर आलं नाही' म्हणायचंच नाही. असं सांग : 'पेजिनेशन आयडीनं लावलंय, टेस्ट पास आहेत. सर, मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी क्रमाचा निर्णय तुमच्याकडून हवाय; स्टँडअपनंतर पाच मिनिटं थांबू का?' बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. मिळालं की चॅनेलवर एका ओळीत लिहून टाक : 'ठरलं : आयडीनं.' तोंडी ठरलेलं पुढच्या रिव्ह्यूपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि तोच बदल दोनदा करावा लागतो.