सीको ५ (७००९): नारिंगी डायलचं जुनं घड्याळ अस्सल आहे का?

टिकटिक_सातारा
जुनं सीको ५ घ्यायचा विचार आहे. किंमत ३,५०० सांगितली आहे. डायल भडक नारिंगी आणि अगदी कोरी करकरीत आहे, त्यावर ‘ऑटोमॅटिक, २१ ज्वेल्स’ असं लिहिलंय. मागच्या झाकणावर ७००९-८७६ए आणि खाली सहा अक्षरांचा सिरियल नंबर. चावी (बाजूचं फिरवायचं बटण) चारच्या खुणेजवळ. विकणारा म्हणतो, ‘जपानचा माल, वापरलेलंच नाही.’ पैसे देण्याआधी काय काय तपासू? दहा पट मोठं दाखवणारं भिंग माझ्याकडे आहे.

भिंगवाला
तुम्ही लिहिलंय त्यातच एक गोष्ट जुळत नाही. ७००९ हे १७ ज्वेल्सचं मशीन (ज्वेल्स म्हणजे चाकांची झीज कमी करणारे आतले खडे). २१ ज्वेल्स म्हणजे सीकोचं दुसरं मशीन, उदाहरणार्थ आधीचं ६११९ किंवा १९९६ मध्ये आलेलं ७एस२६. म्हणजे डायल आणि झाकण एका घड्याळाचे नाहीत, किंवा डायल नव्याने रंगवून छापली आहे. दुसरी शक्यता जास्त.

आता भिंगाने डायलची खालची कड बघा, सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, अगदी काठाला. मूळ डायलवर तिथे अतिशय बारीक अक्षरांत ‘जपान’ आणि एक कोड असतो. त्याचे पहिले चार आकडे ७००९ हवेत. पुढचे चार झाकणावरच्या ८७६ए शी तंतोतंत जुळलेच पाहिजेत असं नाही, कारण झाकणावरचा कोड केसचा असतो आणि हा डायलचा. पुष्कळ जण इथेच घोटाळा करून चांगलं घड्याळ नाकारतात. कोड मुळीच नसेल, तर मात्र डायल रंगवलेली समजा. पुन्हा छापणारे एवढ्या बारीक अक्षरांच्या वाटेला सहसा जात नाहीत.

मग छपाई बघा. मूळ अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, शाई किंचित उठून दिसते. रंगवलेल्या डायलवर कडा फाटक्या दिसतात आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या धातूच्या पट्ट्यांसमोर नेमक्या येत नाहीत. वार-तारखेच्या खिडकीच्या कोपऱ्यात रंग साचलेला असतो, ही माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण. ‘५’ आकडा असलेलं ढालीच्या आकाराचं चिन्ह बहुतेक मूळ डायलवर धातूचं, वेगळं बसवलेलं असतं. ते नुसतं छापलेलं दिसलं तर संशय घ्या.

चावीवर ‘एस’ नाही म्हणून घाबरू नका. सीको ५ ची चावी साधीच असते.

बॅलन्सकॉक
वरच्या उत्तरात मशीनची भर घालतो. झाकण न उघडताही बरंच कळतं.

चावी आत असताना फिरवा. ७००९ ला हाताने चावी देता येत नाही, त्यामुळे फिरवून काही होता कामा नये. चावी भरल्याची करकर जाणवली, तर आत दुसरंच मशीन आहे. पहिल्या टप्प्यावर ओढून एका बाजूला फिरवली की तारीख बदलते, दुसऱ्या बाजूला वार. हे रात्री ९ ते पहाटे ४ ही वेळ दाखवत असताना करू नका, बदलाची चाकं गुंतलेली असतात आणि दात तुटतात. चावी पूर्ण बाहेर ओढली तरी सेकंद काटा चालूच राहायला हवा. तो थांबला तर ७००९ नाही.

झाकण आट्यांचं असतं. घड्याळजीकडूनच उघडून घ्या, पकडीने उघडाल तर चरे पडतील. आत ७००९ए हा आकडा कोरलेला दिसला पाहिजे. रोटर (हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग भरणारं वजन) दोन्ही बाजूंना फिरवून बघा. सीकोचं ‘मॅजिक लिव्हर’ दोन्ही दिशांनी चावी भरतं, म्हणजे रॅचेट चाक (स्प्रिंग भरणारं दातेरी चाक) दोन्ही वेळा पुढेच सरकायला हवं. एकाच दिशेने सरकत असेल तर लिव्हरच्या नख्या झिजल्या आहेत. डायल किंचित हलत असेल, तर तिला मशीनवर धरणारे मागचे पाय तुटलेत आणि ती गोंदाने किंवा दुहेरी चिकटपट्टीने बसवली आहे. गोंद सुटून तारखेच्या चकतीवर गेला की तारीख अडकते.

सिरियलचं पहिलं अक्षर वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरं महिना: १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र त्यात नसतं.

टिकटिक_सातारा
दोघांचेही आभार. बघून आलो. डायलच्या काठाला कोड नाही, खिडकीच्या कोपऱ्यात रंग आहे. सिरियल ८डी ने सुरू होतो. चावी फिरवून काही होत नाही, सेकंद काटा थांबत नाही. आत ७००९ए आहे. मग याला नकली म्हणायचं का?

भिंगवाला
केस आणि मशीन सीकोचं, डायल इथे रंगवलेली. ८डी म्हणजे डिसेंबर १९७८ किंवा १९८८. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. दमट हवेत जुनं गॅस्केट (झाकणाखालची रबराची कडी) कडक होतं, ओल आत जाते आणि आधी डायल खराब होते. मशीन मात्र चालत राहतं, म्हणून ती रंगवून विकायची रीत पडली. घड्याळ वाईट नाही, पण ‘वापरलेलंच नाही’ हे धडधडीत खोटं आहे.

केसच्या कडाही बघा. पॉलिश करकरून त्या गोल झाल्या असतील आणि झाकणावरचे आकडे पुसट असतील, तर केसही घासलेली आहे.

बॅलन्सकॉक
भाव ठरवताना डायल शून्य धरा. टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावून मागा: ताशी २१,६०० ठोके, आणि पूर्ण भरल्यावर अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) २०० अंशांच्या वर हवा. खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरून तेवढे पैसे कमी करा. गॅस्केट बदललं तरी हे घड्याळ पाण्यात घालू नका.

रोज वापरायला हवं असेल तर घ्या. संग्रहासाठी हवं असेल तर डाग पडलेल्या, पिवळट पण मूळ डायलचं ७००९ शोधा. ते याच्यापेक्षा कितीतरी सरस.

एचएमटीच्या पायलट आणि जनता या जुन्या घड्याळांच्या बाबतीतही हेच चालतं. घड्याळांची ती कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, तरी लाल-हिरव्या डायलचे ‘नवे’ पायलट विकायला येतच असतात. तिथेही आधी भिंग लावा, मग भाव विचारा.